ऑर्डरचं काम, स्वतःची चित्रं आणि तासांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी सांभाळून चार वर्षं तैलरंग आणि अॅक्रिलिकमध्ये चित्रं विकताय. ऑर्डरी येतात, पण त्या येऊ लागल्यापासून स्वतःचं काही सुचत नाही. कुणी दर विचारला की तोंडातून शब्द फुटत नाही आणि शेवटी कमीच सांगितला जातो. आणि या अवस्थेत नोकरी सोडावी का, हे कळत नाही.

प्रश्न तीन असले तरी गाठ एकच आहे. ‘सुचत नाही’ ही तक्रार पुष्कळदा हिशेबाची निघते. ऑर्डरचं काम ठरल्यापेक्षा जास्त तास खातं, ते तास दरात धरलेले नसतात, आणि भरपाई होते ती स्वतःच्या चित्राच्या वेळेतून. म्हणून आधी दर पाहू, प्रेरणेकडे नंतर वळू.

वर्षाचे आठवडे ५२. सुट्ट्या आणि आजारपण मिळून सहा वजा केले तर उरले ४६. आठवड्याला ४० तास धरले तर १८४० तास होतात. यातला निम्मा वेळ ब्रश हातात नसतो: कॅनव्हास ताणणं, जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) थर, घासकाम, फोटो काढणं, पत्रव्यवहार, पॅकिंग, सामानाची खरेदी, जमाखर्च. प्रत्यक्ष चित्रकाम होतं ते ९२० तास. आता घरखर्च, स्टुडिओ, कर आणि आजारपणाची तरतूद मिळून वर्षाला ४,१४,००० लागतात असं समजा (आकडा फक्त हिशेबापुरता आहे, त्या जागी आपला घाला). १८४० ने भागलं तर तासाला २२५ येतात आणि बहुतेक जण इथेच फसतात. ९२० ने भागलं तर ४५०. पण त्या ९२० तासांतला पाव हिस्सा, म्हणजे २३० तास, अशा चित्रांसाठी लागतात जी विकली जातील की नाही हे ठाऊक नसतं: प्रयोग, फसलेली कामं, नव्या मालिकेची सुरुवात. ते बाजूला काढले तर विकता येण्याजोगे तास उरतात ६९० आणि दर येतो ६००. ४५० आणि ६०० मधला हा दीडशेचा फरक म्हणजे तुमच्या स्वतःच्या चित्रांचा खर्च. तो दरात धरला नसेल तर ती चित्रं रात्री अकरानंतर, उरलेल्या डोक्याने काढावी लागतात. मग सुचणार कुठून?

तुमचं चित्रकाम नोकरीबाहेरच्या वेळात होतं, त्यामुळे आठवड्याचे तास ४० ऐवजी १५ असतील आणि नोकरीतून भागणारा खर्च वरच्या रकमेतून वजा होईल. रीत तीच राहते. फक्त तास अंदाजाने धरू नका. सलग दहा चित्रांसाठी वहीत तास लिहा, अगदी संदर्भ शोधण्यात आणि रेखाटनात गेलेलेही. अंदाज नेहमी कमीचा असतो, कारण बोर्डासमोर नुसतं बघत बसलेला वेळ कुणी मोजत नाही.

तासांवरून दर कळला, तरी गिऱ्हाइकाला तास सांगू नयेत. सांगितले की बोलणं चित्रावरून तुमच्या वेगावर जातं. त्याला आकारानुसार दरपत्रक द्या. इथे एक जुनी चूक आहे, ती म्हणजे चौरस इंचावर दर लावणं. समजा १८ × २४ इंचाच्या चित्राला तुम्हाला १४ तास लागतात. क्षेत्रफळ ४३२ चौरस इंच. त्याच प्रमाणात ८ × १० च्या चित्राला (८० चौरस इंच) २.६ तासांचे पैसे मिळतील आणि २४ × ३६ ला (८६४ चौरस इंच) २८ तासांचे. प्रत्यक्षात छोट्याला पाच तास लागतात आणि मोठ्याला बावीसच्या आसपास, कारण रचना, रंगसंगती आणि चेहऱ्याचे बारकावे आकार लहान केला म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाहीत. म्हणजे छोट्यात तोटा, आणि मोठ्याचा आकडा ऐकून गिऱ्हाईक परत जातं. त्याऐवजी लांबी अधिक रुंदी हा आधार घ्या. १८ + २४ म्हणजे ४२ इंचांना १४ तास, तर १८ इंचांना सहा आणि ६० इंचांना वीस. वहीतल्या आकड्यांच्या हे बरंच जवळ जातं. व्यक्तिचित्रात प्रत्येक वाढीव चेहऱ्यामागे वेगळी रक्कम धरा. दोन माणसांचं चित्र एका माणसाच्या चित्रापेक्षा नुसतं दुप्पट अवघड नसतं, दोघांचं एकमेकांशी प्रमाण जुळवणं हे तिसरं काम असतं.

सामान आणि फ्रेम मूळ खर्चाने वर मिळवा. १४ तासांचे ८४००, सामान ९००, फ्रेम ७००, एकूण १०,०००. गॅलरीचं कमिशन साधारण ४० ते ५० टक्के असतं. पन्नास धरलं तर भिंतीवरची किंमत २०,००० हवी, आणि स्टुडिओतून विकतानाही तीच हवी. ‘गॅलरीत वीस, माझ्याकडे थेट दहा’ हे गॅलरीला कळायला वेळ लागत नाही, आणि मग दोन्ही दारं बंद होतात. थेट विक्रीत जादा मिळालेले पैसे फुकटचे नाहीत. गॅलरी जे काम करते ते तेव्हा तुम्ही केलेलं असतं.

गॅलरीला चित्र विक्रीसाठी ठेवायला देताना एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होतं: सवलत कुणाच्या खिशातून जाणार? २०,००० वर १० टक्के सवलत दिली तर १८,००० येतात. दोघांनी वाटून घेतली तर तुम्हाला ९०००. गॅलरीने आपले दहा हजार पूर्ण ठेवले तर तुम्हाला ८०००, म्हणजे सगळी सवलत तुमच्या खिशातून. कराराच्या कागदावर हे लिहा. त्याबरोबर विक्रीनंतर किती दिवसांत पैसे (३० दिवस वाजवी आहेत), विमा कुणाचा, न विकलेलं चित्र कुठल्या तारखेला आणि कुणाच्या खर्चाने परत, आणि विकलं जाईपर्यंत मालकी तुमचीच, हेही असू द्या. शेवटचं वाक्य किरकोळ वाटतं, पण गॅलरी कर्जात बुडाली तर घेणेकऱ्यांनी उचललेल्या मालात तुमचं चित्र नाही, हे दाखवायला त्याचाच आधार असतो.

आता ऑर्डरचं काम. तास इथेच गळतात. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने फ्रांकफुर्टचा व्यापारी याकोब हेलर याच्यासाठी चर्चमधलं चित्र १३० गुल्डेनला (गुल्डेन हे तेव्हाचं नाणं) ठरवलं. काम वाढत गेलं, ड्यूररने २०० मागितले आणि पत्रापत्रीत वाद झाला. १५०९ मध्ये त्याने हेलरला लिहिलं की यापुढे आपण तांब्यावरच्या कोरीवकामाकडेच लक्ष देणार, आधीच तसं केलं असतं तर एव्हाना हजार गुल्डेनने श्रीमंत असतो. चित्रकार कितीही मोठा असो, ‘आणखी थोडं’ची किंमत आधी ठरली नाही तर ती त्यालाच भरावी लागते.

व्यवहार असा बांधा. रक्कम तीन हप्त्यांत: एक तृतीयांश काम स्वीकारताना, एक तृतीयांश रेखाटन मंजूर झाल्यावर, उरलेली चित्र हातातून जाण्याआधी. पहिला हप्ता जमा झाल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. रेखाटनात दोन फेऱ्यांपर्यंत बदल मोफत, तिसऱ्यापासून तासाच्या दराने. मंजुरी लेखी हवी, संदेशातलं एक ‘ठीक आहे’सुद्धा चालेल, पण कुठल्या रेखाटनाला ते त्याच संदेशात दिसलं पाहिजे. नुसतं करडं रेखाटन मंजूर करून घेतलं की हमखास घोळ होतो. चित्र पूर्ण झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, ‘मागचा निळा मी वेगळा समजलो होतो,’ आणि ते खोटं बोलत नसतं, त्याने रंग पाहिलेलाच नसतो. पोस्टकार्डाएवढा रंगीत कच्चा खर्डा करा. तासभर जातो, आठ तास वाचतात.

दुसरा घोळ म्हणजे बोलणारा एक आणि ठरवणारा भलताच. संस्थेच्या कामात समिती असते, घरच्या कामात ज्याच्या भिंतीवर चित्र लागणार ती व्यक्ती. पहिल्याच भेटीत विचारा, ‘शेवटचा शब्द कुणाचा?’ रेखाटन त्या माणसाच्या नजरेखालून गेलं पाहिजे.

काम मध्येच रद्द झालं तर मिळालेले हप्ते परत होणार नाहीत, हे आधीच लिहा. तारीख देताना रंगाची जात लक्षात घ्या. तैलचित्र हाताला कोरडं लागलं तरी आतून सुकलेलं नसतं. नेहमीच्या जाडीच्या थरांना अंतिम व्हार्निश सहा ते बारा महिन्यांनी द्यायचं असतं. घाईत दिलं तर पृष्ठभाग चिकट राहतो किंवा पुढे तडे जातात. तेव्हा सहा आठवड्यांत हवं असलेलं काम एकतर अॅक्रिलिकमध्ये घ्या, नाहीतर पातळ रिटच (तात्पुरतं) व्हार्निश देऊन पाठवा आणि पक्कं व्हार्निश नंतर करून देण्याचं लिहा. अॅक्रिलिकची खोड निराळी. उष्णतेत ते मऊ पडतं. बबल रॅप थेट पृष्ठभागावर गुंडाळलं तर बुडबुड्यांचे गोल ठसे चित्रावर उमटतात आणि ते जात नाहीत. मध्ये सिलिकॉन लावलेला न चिकटणारा कागद घाला, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन लावा, बुडबुडे बाहेरच्या बाजूला ठेवा. आणि विकायच्या चित्रात ट्यूबवरचं टिकाऊपणाचं मानांकन पाहून रंग वापरा. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मोजपट्टीत १ किंवा २ असलेलेच रंग. पीआर८३ या संकेताचं अस्सल अलिझरिन क्रिमझन पातळ थरात उडतं, फ्लुरोसंट रंग त्याहून लवकर.

‘पैसे नाहीत पण प्रसिद्धी मिळेल’ या प्रस्तावावर फार लिहिण्यासारखं नाही. किती लोकांपर्यंत, कुठल्या तारखेला, नावासकट की नावाशिवाय, हे विचारा. उत्तर आलं तर तो सौदा आहे, नाही आलं तर नाही.

आता सुचण्याकडे वळू. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. ‘चित्र काढलंस तर बक्षीस मिळेल’ असं आधी सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता बक्षीस दिलं त्यांच्यात अशी घट दिसली नाही. मोठ्यांबाबत तेरेसा अमाबिले आणि सहकाऱ्यांनी २३ कलाकारांची प्रत्येकी दहा ऑर्डरची आणि दहा बिनऑर्डरची कामं घेऊन, कुठलं काम कुठल्या प्रकारचं हे न सांगता जाणकारांकडून तपासून घेतली. कौशल्यात फरक आढळला नाही, पण ऑर्डरची कामं कमी सर्जनशील ठरली. त्यातही कलाकाराला जिथे जास्त बांधल्यासारखं वाटलं होतं तिथे ही घट अधिक होती. याचा व्यवहारातला अर्थ असा की पैसे घेणं हे दुखणं नसून बंधनांची संख्या हे दुखणं आहे. म्हणून ऑर्डर घेताना विषय गिऱ्हाइकाचा, आकार गिऱ्हाइकाचा, पण रंगपट्टी, रचना आणि हाताळणी यांपैकी किमान दोन गोष्टी तुमच्याकडे राहिल्याच पाहिजेत. ‘अगदी या फोटोसारखंच’ अशी मागणी आली तर दर वाढवा किंवा नकार द्या. मी नकाराला झुकतं माप देईन.

स्वतःच्या कामासाठी आठवड्यातले ठरलेले तास दिवसाच्या पहिल्या भागात ठेवा, ऑर्डर दुपारनंतर. ऑर्डरीला तारीख असते, त्यामुळे ती थकलेल्या अवस्थेतही पुरी होते. स्वतःच्या चित्राला तारीख नसते, ते उरलेल्या वेळेवर जगत नाही. शक्य असेल तर ईझलही (चित्र ठेवायचे स्टँड) दोन ठेवा. एकाच ईझलवर आलटून पालटून काम केलं की ऑर्डरचं चित्र कायम पुढे आणि स्वतःचं कायम भिंतीला टेकवलेलं, असं होत जातं.

‘अडकलो’ म्हणतात तेव्हा ते कुठे अडकलंय हे पाहावं लागतं, कारण तीन जागांचे उपाय वेगळे आहेत. कोऱ्या कॅनव्हाससमोर हात उचलत नसेल तर पर्याय फार झालेत. ते तोडा: एकाच मापाचे बारा छोटे बोर्ड, पांढऱ्याखेरीज तीनच रंग, एकच विषय, प्रत्येकाला ९० मिनिटं. पहिली चार-पाच तुमचीच जुनी चित्रं वाटतील, तिथे थांबू नका. सवयीच्या युक्त्या संपल्यावर सातव्या-आठव्यात काहीतरी हलतं. बारांतली दोन पुढे मोठी करण्यासारखी निघाली तरी मालिका वसूल झाली.

चित्र अर्ध्यावर येऊन मेलं असेल तर दोष बहुधा रंगाचा नसून उजेड-अंधाराच्या मांडणीचा असतो. मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा आणि अंगठ्याएवढा लहान करून पाहा. सगळं एकाच करड्यात मिसळलं असेल तर लाल आणखी लाल करून काही होणार नाही. डोळे बारीक करा, सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा कुठे आहेत ते बोट ठेवून दाखवा. दोन्ही मुख्य विषयापासून लांब असतील तर तिथेच दुरुस्ती. आरशात पाहिलं की तिरकी पडलेली रचना लगेच दिसते.

तिसरी जागा शेवटची. चित्र जवळपास झालंय आणि रोज थोडं बिघडतंय. अशा वेळी ते तीन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. चौथ्या दिवशी पाहून जास्तीत जास्त तीन दुरुस्त्या कागदावर लिहा, तेवढ्याच करा आणि सही करा. चौथी दुरुस्ती सुचली तर ती पुढच्या चित्रात.

प्रिंटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ऑर्डरींवरचं अवलंबन कमी करायला मूळ चित्राच्या प्रती हा सर्वांत जवळचा मार्ग आहे, आणि तो बिघडतो फोटोपाशी. छपाईच्या आकाराला इंचाला ३०० पिक्सेल हवेत. २४ × ३६ इंचासाठी ७२०० × १०,८०० पिक्सेल, म्हणजे जवळपास ७८ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० देतो, त्यातून नीट छापता येतं ते २० × १३ इंचांपर्यंत. त्याहून मोठं हवं तर चित्राचे भागांत फोटो काढून जोडावे लागतात. दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, एकाच रंगतापमानाचे, म्हणजे सारख्याच पिवळसर किंवा पांढऱ्या छटेचे. खोलीतले बाकीचे दिवे बंद. शेजारी करडं कार्ड ठेवून एक फोटो वेगळा घ्या, रंग त्यावरून जुळवता येतात. भडक नारिंगी आणि थॅलो जातीचे निळे-हिरवे छपाईत मंदावतातच. म्हणून पूर्ण प्रत काढण्याआधी त्या भागाची चार इंची पट्टी छापून मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात धरा. शाई पिगमेंटची, कागद आम्लमुक्त, शक्यतो सुती.

मर्यादित आवृत्ती काढलीत तर संख्या (समजा पन्नास) आधी ठरवा आणि नोंदवहीत लिहा: कुठला क्रमांक, कुणाला, कधी. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती सुमारे दहा टक्के वेगळ्या धरायची रीत आहे. पन्नासच्या पन्नास एकदम छापायची गरज नाही, क्रमांक लागत जातील तशा काढा. मात्र पन्नास संपल्यावर तेच चित्र ‘वेगळ्या आकारात’ पुन्हा काढलं की आधीचे खरेदीदार तुटतात. त्यांची नावं आणि पत्ते ही तुमची खरी पुंजी आहे. सोशल मीडियावरचे अनुयायी त्या कंपनीच्या मर्जीवर असतात, स्वतःजवळची यादी तुमची असते. महिन्याला एक पत्र पुरे.

हक्कांबाबत एक खाचखळगा: मूळ चित्र विकलं म्हणजे प्रती काढण्याचा हक्क विकला असं सहसा होत नाही. पण काही देशांच्या कायद्यात, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट करारात वेगळं लिहिलं नसेल तर काम देणाऱ्याकडे जातो. ऑर्डरच्या कागदावर म्हणूनच एक ओळ हवी: कॉपीराइट चित्रकाराकडे, गिऱ्हाइकाला घरात लावण्याचा हक्क. एखाद्या उत्पादनावर चित्र छापायला दिलंत तर कुठलं उत्पादन, कुठला प्रदेश, किती वर्षं आणि किमान हमी रक्कम किती हे लिहा. ‘सर्व हक्क, कायमचे’ हे शब्द दिसले तर ते खोडून पाठवा.

राहिली नोकरी. चांगल्या महिन्याकडे बघून निर्णय घेऊ नका. गेल्या बारा महिन्यांची कलेची जमा एका ओळीत मांडा आणि सलग तीन महिन्यांचा सर्वांत वाईट तुकडा शोधा. त्या तुकड्यात घरखर्चाचा निम्मा भाग निघत असेल, सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात असेल आणि एकाच गिऱ्हाइकाकडून किंवा गॅलरीकडून एक तृतीयांशापेक्षा जास्त पैसे येत नसतील, तर सोडायचा विचार करता येतो. यातलं काही कमी असेल तर दर आणि करार नीट करून आणखी एक वर्ष मोजा. सोडल्यावर येणारे सगळे पैसे एका खात्यात घ्या, कराचा भाग त्याच दिवशी बाजूला काढा आणि दर महिन्याला स्वतःला ठरावीक पगार द्या. तेजीच्या महिन्यात तो वाढवू नका, त्याच पैशावर मंदीचा महिना निघायचा असतो. मधली पायरी मिळत असेल, म्हणजे पाच दिवसांची नोकरी चार दिवसांवर आणता येत असेल, तर आधी ती घ्या. आणि मोकळा झालेला पाचवा दिवस पहिले सहा महिने एकाही ऑर्डरीला देऊ नका, ऑर्डर कितीही सोपी दिसली तरी.